जुने उपकरण बंद करण्यापूर्वी: गुरुत्वमापनाचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय मापनसंस्था, भूगणित व भूभौतिकी विभाग, अवकाशसंस्था आणि त्यांना निधी देणारी मंडळे यांतील सर्व निर्णयकर्त्यांस

विषय: गुरुत्वमापनाची नवी उपकरणे आणि जुन्या नोंदींचे सातत्य

मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणा एका कार्यालयाला उद्देशून लिहिलेले नाही. पृथ्वीचे गुरुत्व मोजणारी उपकरणे विकत घेणे, ती चालवणे वा बंद करणे, त्यांच्या स्थानकांवर माणसे नेमणे आणि त्यांच्या नोंदी जपणे यांविषयीचे निर्णय ज्यांच्या सहीने होतात, त्या सर्वांसाठी ते आहे. माझी बरीच वर्षे याच कामात गेली. स्प्रिंगच्या ग्रॅव्हिमीटरची, म्हणजे गुरुत्वमापकाची, पेटी घेऊन मोजमापासाठी पक्क्या केलेल्या एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जाण्यापासून मी सुरुवात केली, पुढे निर्वातात आरसा पाडणाऱ्या उपकरणाजवळ रात्री काढल्या आणि अलीकडे अतिथंड अणूंचा ढग पाडून तेच मोजमाप होताना पाहिले. या प्रगतीचा मला मनापासून आनंद आहे आणि ती मंदावावी असे सुचवणारा एकही शब्द या पत्रात नाही. माझी विनंती एवढीच आहे, की नवे उपकरण आले म्हणून जुने लगेच बंद करू नये. दोन्ही एकाच ठिकाणी, पुरेसा काळ, शेजारीशेजारी चालू द्यावीत आणि त्या काळाचा खर्च हा नव्या उपकरणाच्या किमतीचाच भाग मानावा.

ही मागणी निव्वळ प्रशासकीय सोय वाटू नये, म्हणून आधी या मोजमापाचा आकार सांगतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वामुळे येणारे त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. या क्षेत्रात वापरात असलेले एकक म्हणजे गॅलिलिओच्या नावावरून आलेले गॅल, अर्थात एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. त्याचा दशलक्षावा भाग म्हणजे मायक्रोगॅल, आणि तो पृथ्वीच्या गुरुत्वाच्या जवळजवळ एक अब्जांश भरतो. आजची उत्तम निरपेक्ष उपकरणे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाशी तुलना न करता थेट मूल्य सांगणारी उपकरणे, एक-दोन मायक्रोगॅलपर्यंत पोहोचली आहेत, पण त्या पातळीवर भोवतालची प्रत्येक गोष्ट वाचनात उतरते. उपकरण एक सेंटिमीटर वर उचलले की वाचन सुमारे ३ मायक्रोगॅलने कमी होते. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने वाढला की ते सुमारे ०.३ मायक्रोगॅलने उतरते. जमिनीखाली एक मीटर जाडीच्या पाण्याइतका विस्तीर्ण साठा वाढला तर ते सुमारे ४२ मायक्रोगॅलने चढते, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाऊस जमिनीत मुरला तरी त्याची नोंद दिसते. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे दिवसभरात होणारा चढउतार तर २०० मायक्रोगॅलच्याही वर जाऊ शकतो. भूजलाचा ऱ्हास, हिमनद्यांचे वितळणे, जमिनीचे उचलले जाणे, ज्वालामुखीखाली सरकणारा शिलारस, यांपैकी जे जे आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते या गर्दीत, शेवटच्या एक-दोन अंकांत असते आणि बहुतेक वेळा वर्षानुवर्षे मोजल्यावरच हाती लागते.

हे वर्षानुवर्षे मोजणे कसे साधते आणि कसे फसते, हे इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही तांत्रिक अहवालातून होत नाही. १६७२ मध्ये झाँ रिशे याने पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे नेलेले लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि गुरुत्व सर्वत्र सारखे नसते हे त्या नोंदीतून प्रथम दिसले. तेव्हापासून अडीचशेहून अधिक वर्षे लंबक हेच गुरुत्वमापनाचे मुख्य साधन राहिले. त्या कालखंडाच्या अखेरची पॉट्सडॅमची हकिगत मात्र मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यात सामावलेले आहे.

१८९८ ते १९०४ या काळात क्यूनेन आणि फुर्टव्हेंग्लर या दोघांनी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे दोन्ही बाजूंनी टांगता येणाऱ्या लंबकांच्या साह्याने अतिशय चिकाटीने मोजमापे घेतली आणि १९०६ मध्ये ९८१.२७४ गॅल हे मूल्य प्रसिद्ध केले. १९०९ मध्ये ते जगाचे संदर्भमूल्य ठरले. याचा अर्थ असा, की देशोदेशींची गुरुत्व-जाळी लंबक इकडून तिकडे नेऊन, फरक मोजून, अखेर पॉट्सडॅमच्या त्या एका खोलीशी जोडली गेली. ते मूल्य चुकीचे होते. १९३६ मध्ये वॉशिंग्टन येथे आणि १९३९ मध्ये इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे झालेल्या स्वतंत्र मोजमापांनी ते दहा मिलिगॅलहूनही (मिलिगॅल म्हणजे गॅलचा हजारावा भाग) अधिक जास्त असल्याचे दाखवले आणि पुढे मुक्तपतनाच्या, म्हणजे वस्तू मोकळी पाडून मोजणाऱ्या, उपकरणांनी ही चूक सुमारे १४ मिलिगॅलची असल्याचे निश्चित केले. उंचीच्या भाषेत सांगायचे तर पंधरा मजली इमारतीच्या पायथ्याशी आणि गच्चीवर असतो जवळजवळ तेवढा हा फरक आहे. तरीही अधिकृत दुरुस्ती व्हायला १९७१ साल उजाडले. त्या वर्षी १८५४ स्थानकांचे नवे आंतरराष्ट्रीय जाळे स्वीकारले गेले आणि पॉट्सडॅमचे मूल्य निवृत्त झाले.

या हकिगतीकडे बहुतेक जण एका मोठ्या चुकीची कथा म्हणून पाहतात. मला त्यात दुसरेच काही दिसते. साठ वर्षांहून अधिक काळ जगभर घेतलेली हजारो मोजमापे चुकीच्या मूल्यावर आधारलेली असूनही वाया गेली नाहीत, कारण प्रत्येक मोजमाप कोणत्या खुणेशी, कोणत्या मार्गाने, कोणी आणि केव्हा जोडले हे लिहून ठेवलेले होते. त्यामुळे मूळ आकडा बदलला तेव्हा त्यातून निघालेले आकडेही बदलता आले. उलट एखाद्या ठिकाणी अगदी अचूक मोजमाप झाले, पण ते आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांशी जोडलेलेच नसेल, तर त्याच्या अचूकतेचा काहीही उपयोग होत नाही, कारण काळाबरोबर काय बदलले या प्रश्नाचे उत्तर त्या एकट्या आकड्याजवळ नसते. नवे उपकरण घेताना विक्रेत्याच्या पत्रकातील अचूकता पाहिली जाते आणि हा जोड कोणी पाहत नाही, ही माझी तक्रार आहे.

१९३० च्या दशकात ल्युसिएन लाकोस्ट याने शून्य लांबीच्या स्प्रिंगची, म्हणजे जिचा ताण तिच्या पूर्ण लांबीच्या प्रमाणात असतो अशा स्प्रिंगची, कल्पना मांडली आणि त्यातून हातात नेता येणारे, काही मिनिटांत वाचन देणारे ग्रॅव्हिमीटर तयार झाले. खनिज तेलाच्या शोधाला आणि भूगर्भाच्या अभ्यासाला त्यांनी दिलेली गती सर्वपरिचित आहे. ही उपकरणे सापेक्ष असतात, म्हणजे दोन ठिकाणांमधील फरक सांगतात, आणि त्यांची स्प्रिंग हळूहळू सैल होत असल्याने वाचन दिवसागणिक सरकत जाते. तरीही केवळ शिस्तीच्या जोरावर त्यांच्याकडून किती काम करून घेता येते, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण फेनोस्कँडियाचे, म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या प्रदेशाचे, आहे. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यामुळे तेथील जमीन अजून वर येत आहे. जिथे हा वेग सर्वाधिक आहे तिथे वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. यामुळे गुरुत्वात होणारा बदल वर्षाला दोन मायक्रोगॅलही भरत नाही. १९६६ पासून अक्षवृत्तांच्या दिशेने आखलेल्या रेषांवर, त्याच त्या खुणांवर, अनेक देशांचे निरीक्षक चार दशके पुन्हापुन्हा जात राहिले. एका मोहिमेतील वाचनाला त्यांच्यापैकी कोणीही शेवटचा शब्द मानले नाही, म्हणूनच एकेका वाचनाच्या त्रुटीहून लहान असलेला बदल त्यांना वर्षांच्या ओघात पकडता आला.

स्प्रिंगच्या मर्यादा ओलांडणाऱ्या दोन वाटा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात खुल्या झाल्या. पहिली वाट मुक्तपतनाची. निर्वात नळीत एक कोपरा-आरसा (प्रकाश आल्या दिशेनेच परतवणारा) साधारण वीस सेंटिमीटर खाली पडतो, लेझरच्या प्रकाशाच्या पट्ट्या मोजून त्याचे अंतर आणि अणुघड्याळाने त्याचा काळ कळतो आणि कोणत्याही दुसऱ्या ठिकाणाचा आधार न घेता तिथल्या गुरुत्वाचे निरपेक्ष मूल्य मिळते. जेम्स फॉलर यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून १९९० च्या दशकात एफजी-५ हे उपकरण आले आणि त्याने सुमारे दोन मायक्रोगॅलची अचूकता अनेक देशांच्या आवाक्यात आणली. दुसरी वाट अतिसंवाहक ग्रॅव्हिमीटरची, म्हणजे अतिशय थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या धातूच्या उपकरणाची. १९६८ मध्ये प्रोथेरो आणि गुडकाइंड यांनी मांडलेल्या या रचनेत द्रव हेलियमच्या तापमानाला थंड केलेला नायोबियमचा पोकळ गोळा चुंबकीय क्षेत्रात तरंगत असतो. ज्या प्रवाहांमुळे तो तरंगतो ते अतिसंवाहक तारेत न विझता फिरत राहतात, त्यामुळे स्प्रिंगची शिथिलता इथे नाही आणि वाचनाची सरक वर्षाला काही मायक्रोगॅलच असते. मायक्रोगॅलच्या हजाराव्या भागाइतके चढउतार ही उपकरणे दिवसरात्र नोंदवतात. २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर साऱ्या पृथ्वीची घंटेसारखी झालेली कंपने, ज्यांतील सर्वांत संथ कंपनाचा काळ सुमारे ५४ मिनिटांचा आहे, त्यांनी आठवडेच्या आठवडे टिपली.

या दोन उपकरणांचे नाते आपण लक्षात घ्यावे, कारण निधीच्या बैठकीत त्यांना एकमेकांचे पर्याय समजले जाते, तसे ते नाहीत. अतिसंवाहक उपकरणाला निरपेक्ष मूल्य सांगता येत नाही, आणि त्याची अल्पशी सरक कोणती व जमिनीतला खरा बदल कोणता हेही त्याला स्वतःहून ठरवता येत नाही. मुक्तपतनाचे उपकरण मूल्य सांगते, पण त्याचे यांत्रिक भाग झिजतात, त्याला सतत चालवता येत नाही आणि दोन मोहिमांमध्ये काय घडले हे त्याला ठाऊक नसते. दोघे एका छताखाली असले, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. यांपैकी एकच ठेवण्याचा निर्णय काटकसरीचा वाटला तरी त्याने दोन्हींची किंमत घटते.

आता अणूंविषयी, ज्यांच्यामुळे हे पत्र लिहिण्याची वेळ आली आहे. १९९१ मध्ये मार्क कासेविच आणि स्टीव्हन चू यांनी लेझरने थंड केलेल्या अणूंचा व्यतिकरणमापक, म्हणजे लहरी विभागून पुन्हा एकत्र आणून मोजणारे उपकरण, करून दाखवला. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही दशलक्षांशांवर आणलेला अणूंचा ढग मोकळा सोडायचा, पडत असताना त्याच्यावर लेझरचे तीन स्पंद टाकायचे, पहिल्याने प्रत्येक अणूची लहर दोन वाटांत विभागायची, दुसऱ्याने त्या वाटा एकमेकींकडे वळवायच्या आणि तिसऱ्याने पुन्हा एकत्र आणायच्या. दोन वाटांमधील लहरींच्या कलेचा, म्हणजे त्या एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत याचा, फरक गुरुत्वाच्या आणि स्पंदांमधील काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. यात झिजणारा आरसा नाही, आणि एका मूलद्रव्याच्या एका समस्थानिकाचा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखाच असल्याने पडणारी वस्तू कधी जुनी होत नाही. आज अशी उपकरणे बाजारात मिळतात, महिनोन्महिने स्वतःहून चालतात, जहाजावर आणि विमानात निरपेक्ष मोजमाप करून आली आहेत आणि २०२० मध्ये त्यांपैकी एक इटलीतील एटना ज्वालामुखीच्या माथ्यालगत बसवले गेले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एकावर एक असे दोन ढग वापरून, दोघांना सारखाच जाणवणारा जमिनीचा थरकाप वजा करून, उघड्यावर जमिनीखालचे सुमारे दोन मीटरचे भुयार शोधून दाखवले. माझ्या पिढीने ज्या कामाला अशक्य म्हटले असते ते हे काम आहे.

पण अणू निर्दोष असले तरी त्यांना मोजणारा प्रकाश निर्दोष नसतो. लेझरच्या लहरीचा पृष्ठभाग पूर्ण सपाट नसणे, पृथ्वीच्या फिरण्याचा ढगाच्या आडव्या गतीवर होणारा परिणाम आणि जमिनीची थरथर यांमुळे या उपकरणांतही मायक्रोगॅलच्या पातळीवरच्या पद्धतशीर त्रुटी राहतात, आणि त्या मुक्तपतनाच्या उपकरणातल्या त्रुटींहून वेगळ्या जातीच्या असतात. वेगळ्या जातीच्या असतात म्हणूनच दोघांना शेजारी ठेवणे मोलाचे आहे. १९९९ मध्ये पीटर्स, चुंग आणि चू यांनी अणूंचे मोजमाप पडत्या आरशाच्या मोजमापाशेजारी ठेवून पाहिले आणि दोन्ही अब्जांशी काही भागांच्या आत जुळली, तेव्हाच जगाने नव्या पद्धतीवर विश्वास ठेवला. पॅरिसजवळील सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात १९८१ पासून निरपेक्ष ग्रॅव्हिमीटरांच्या तुलना होत आल्या आणि २००९ च्या तुलनेत अणूंचे उपकरणही सहभागी झाले. अशा तुलनांमध्ये एकाच प्रकारची, एकाच कारखान्यातून आलेली उपकरणेही काही मायक्रोगॅलनी वेगळी वाचने देतात, हे अनुभवी माणसाला नवीन नाही. शिवाय किरणाच्या पसरण्यामुळे येणारी किंवा उपकरणाच्या स्वतःच्या वस्तुमानाने पडत्या आरशाला लावलेल्या ओढीमुळे येणारी दुरुस्ती अशा काही गोष्टींचा हिशेब उपकरणे वर्षानुवर्षे वापरात असतानाच नीट लागला. उद्या अणूंच्या उपकरणांतही अशी एखादी दुरुस्ती सापडेल, असे मी खात्रीने मानतो. ती सापडेल तेव्हा मागे जाऊन लावण्यासाठी कच्च्या नोंदी आणि एकत्र चालवण्याचा काळ, दोन्ही हाताशी असावे लागतील.

एक अनुभव सांगतो. स्थानकाचे आणि संस्थेचे नाव घेणार नाही, कारण मला दोष द्यायचा नाही. तेथे उपकरण ठेवण्याच्या एका पक्क्या खांबावर बऱ्याच वर्षांची मालिका जमली होती. नवे उपकरण मंजूर झाले तेव्हा सर्वांना आनंद झाला, मलाही. दोन्ही उपकरणे काही काळ एकत्र चालवायची असे ठरलेही होते, परंतु खोली मोकळी करण्याची तारीख आधी आली आणि जुने उपकरण हलवले गेले. मधल्या काळात जमिनीची फरशी बदलली गेली आणि नव्या फरशीची जाडी कोणी नोंदवली नाही. दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ६ मायक्रोगॅल. नवी मालिका सुरू झाली तेव्हा ती जुनीपेक्षा काही मायक्रोगॅलनी वेगळ्या पातळीवर होती. आम्ही पावसाच्या नोंदी तपासल्या, विहिरीतील पाण्याची पातळी तपासली, हवेचा दाब, समतलन, सगळे पाहिले. ती पायरी पाण्याची होती, जमीन खचल्याची होती, फरशीची होती की दोन उपकरणांमधील फरकाची, हे आजही कोणी सांगू शकत नाही. अखेर दोन तुटक मालिका दोन वेगळ्या तक्त्यांत प्रसिद्ध झाल्या. ज्या संथ बदलासाठी ती सगळी वर्षे खर्ची पडली होती तो नेमका त्या सांध्यात हरवला. ज्यांनी पहिली वाचने घेतली होती त्यांपैकी काही जण तोवर निवृत्त झाले होते, आणि त्यांना हे कळवणे मला जड गेले.

अवकाशातही हेच घडले आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. १७ मार्च २००२ रोजी सोडलेले ग्रेसचे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर राहून आपल्यातील अंतराचा बदल मायक्रोमीटरच्या पातळीवर मोजत. पुढचा उपग्रह अधिक वस्तुमानाच्या प्रदेशाकडे आला की तो किंचित आधी ओढला जातो, आणि त्या फरकातून दर महिन्याला पृथ्वीच्या गुरुत्वाचा नकाशा तयार होत असे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे घटणारे बर्फ, मोठ्या नदीखोऱ्यांतील पाण्याचे चढउतार, उपशाने आटणारे भूजल यांचे वजन माणसाला प्रथमच जणू तराजूत घालून पाहता आले. पाच वर्षांसाठी आखलेली ही मोहीम पंधरा वर्षे चालली, पण २०१७ मध्ये ती संपली तेव्हा तिची जागा घेणारी उपग्रहांची जोडी अजून जमिनीवरच होती. २२ मे २०१८ रोजी ग्रेस फॉलो-ऑन उडाले. दोन मोहिमांच्या मासिक नकाशांमध्ये सुमारे अकरा महिन्यांचे खिंडार राहिले आणि दोन्ही जोड्या एकाच वेळी आकाशात असण्याची संधी कायमची गेली. त्या खिंडाराच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे जोडण्यासाठी जमिनीवरून इतर उपग्रहांवर लेझर टाकून केलेल्या अंतर-मापनासारख्या साधनांचा आधार घ्यावा लागला आणि ती साधने इतक्या बारीक तपशिलापर्यंत पोहोचत नाहीत.

नव्या जोडीत लेझरने अंतर मोजणारे प्रायोगिक उपकरण आहे आणि ते अंतर मोजण्याच्या आधीच्या, सूक्ष्मतरंगांच्या पद्धतीहून कितीतरी पटींनी अचूक आहे. तरी मासिक नकाशे त्या पटीने सुधारले नाहीत. कारण आता अडसर अंतराच्या मापनाचा राहिलेला नाही. तो उपग्रहांवरील त्वरणमापकांचा (गुरुत्वाखेरीजचे, हवेच्या घर्षणासारखे धक्के मोजणाऱ्या उपकरणांचा) आणि वातावरण व महासागर यांच्या जलद हालचालींच्या अपुऱ्या प्रतिमानांचा आहे. दोघांपैकी एका उपग्रहाच्या त्वरणमापकाची नोंद तर उड्डाणानंतर लवकरच बिघडली आणि दुसऱ्याच्या नोंदीवरून ती उसनी आणावी लागली. मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते, कारण एका घटकाची अचूकता वाढवण्यावर सगळा निधी लावण्याचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. पुढच्या मोहिमांत अणूंचे त्वरणमापक नेण्याची तयारी चालली आहे आणि तिला माझा पाठिंबा आहे. मात्र आधीची जोडी चालू असतानाच नंतरची वर जावी, याला त्या तयारीहूनही वरचे स्थान मिळावे.

कच्च्या नोंदींचा उल्लेख वर आला, त्याविषयी थोडे अधिक. ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपात समुद्रतळ सरकून प्रचंड वस्तुमानाची जागा बदलली आणि गुरुत्वातील तो बदल, प्रकाशाच्या वेगाने पसरत असल्याने, भूकंपलहरींच्या कितीतरी आधी दूरवर पोहोचला. जपानमधील कामिओका येथील अतिसंवाहक ग्रॅव्हिमीटरने तो नोंदवला होता, मायक्रोगॅलच्या अंशाइतका आणि नेहमीच्या थरथरीत जवळजवळ बुडालेला. तो त्यातून शोधून काढल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे घटनेनंतर पाच वर्षांनी, जपून ठेवलेल्या नोंदींतून. मोठ्या भूकंपाचा आकार लवकर ओळखण्याची एक नवी वाट त्यातून खुली झाली. त्या स्थानकाने तासाची सरासरी ठेवून बाकीच्या नोंदी जागेअभावी काढून टाकल्या असत्या, तर हे कधीच दिसले नसते. आज अनेक अतिसंवाहक स्थानकांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय सेवेमार्फत एकत्र ठेवल्या जातात. निरपेक्ष मोजमापांच्या बाबतीत मात्र बहुधा अंतिम आकडा तेवढा उरतो, आणि प्रत्येक पतनाची नोंद कुठल्यातरी संगणकात, तो संगणक निकामी होईपर्यंत पडून राहते.

बोटाच्या पेरावर मावणाऱ्या सिलिकॉनच्या संवेदकांनी चंद्र-सूर्याच्या ओढीने घन पृथ्वीला येणारी भरती-ओहोटी मोजल्याचे ग्लासगोच्या संशोधकांनी २०१६ मध्येच दाखवले आहे, आणि प्रकाशीय घड्याळे आता एक सेंटिमीटर उंचीच्या फरकाने बदलणारा काळाचा वेग ओळखू लागली आहेत. २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याही प्लांकच्या स्थिरांकावर गेली असून ती किबल तुलेने, म्हणजे वजन विद्युतचुंबकीय बलाशी तोलणाऱ्या उपकरणाने, प्रत्यक्षात आणताना त्या जागेचे गुरुत्व अब्जांशांपर्यंत माहीत असावे लागते. सांगायचे एवढेच, की गुरुत्वमापनावर अवलंबून असणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण कोणत्या सांध्यावर उभे आहोत याची कल्पनाही नसेल.

म्हणून माझी मागणी नेमक्या शब्दांत मांडतो. एका स्थानकावर उपकरण बदलायचे असेल तेव्हा जुने आणि नवे निदान एक पूर्ण वर्ष एकत्र चालावे. दोन्ही उपकरणांना एकच भूजल आणि एकच चंद्र जाणवत असल्याने त्यांचा परिणाम फरकातून निघून जाईल. पण तापमान, आर्द्रता आणि खांबाचा कल यांना प्रत्येक उपकरण आपापल्या पद्धतीने प्रतिसाद देते आणि तो प्रतिसाद सर्व ऋतू पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या वर्षात दोन्ही खांबांवर गुरुत्वाचा उभा उतार, म्हणजे उंचीबरोबर गुरुत्व किती घटते हे, मोजला जावा, कारण वेगवेगळ्या उपकरणांची मोजण्याची उंची वेगळी असते आणि अर्ध्या मीटरच्या फरकाला सुमारे १५० मायक्रोगॅल लागतात. हा उतार पुस्तकातून घेऊन भागत नाही. अतिसंवाहक ग्रॅव्हिमीटर ज्या स्थानकांवर दशकांपासून चालू आहेत, ती स्थानके अणूंचे उपकरण सतत चालू शकते एवढ्या कारणावरून बंद करू नयेत. आंतरराष्ट्रीय तुलनांचा प्रवासखर्च हा परिषदेला जाण्याचा खर्च मानला जातो आणि काटकसरीत पहिला तोच जातो. तो उपकरणाच्या देखभालीच्या खात्यात धरावा. प्रत्येक पतनाची, प्रत्येक स्पंदाची कच्ची नोंद खांबाची उंची, फरशीचा तपशील, दुरुस्त्यांची यादी आणि निरीक्षकाच्या टिपणांसह जपावी, आणि कोणालाही वाचता येईल अशा साध्या स्वरूपात जपावी.

गोपनीयतेविषयी मला कठोर बोलावेसे वाटते. क्षेपणास्त्रांच्या मार्गाच्या गणितासाठी गुरुत्वाचे नकाशे लागत असल्याने एके काळी ते कुलपात ठेवले गेले, आणि ते कारण त्या काळी समजण्यासारखे होते. आज उपग्रहांच्या मोजमापांवरून साऱ्या पृथ्वीची गुरुत्व-प्रतिमाने सर्वांसाठी खुली असताना जमिनीवरील जुनी वाचने, विशेषतः कालपरत्वे बदल दाखवणारी, बंद ठेवून कोणाचे रक्षण होते हे मला समजत नाही. ती वाचने ज्यांना उलगडता येतील अशी माणसे कमी होत चालली आहेत. वहीतले हस्ताक्षर, त्या काळची संक्षिप्त चिन्हे, अमुक खूण रस्ता रुंद करताना हलवली गेली ही तोंडी माहिती, हे सगळे त्यांच्याबरोबर जाईल. निवृत्त निरीक्षकांना काही महिन्यांसाठी बोलावून त्यांच्याकडून जुन्या वह्या वाचून घेण्याचा खर्च एका नव्या उपकरणाच्या तुलनेत नगण्य आहे. असे काम करण्यास मी स्वतः केव्हाही तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे आणखी काही जणही आहेत.

उपकरणखरेदीचा पुढचा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल तेव्हा त्यात समांतर मोजमापाच्या वर्षाची तरतूद आहे का, एवढे सही करण्यापूर्वी पाहावे. नसेल, तर तो त्या तरतुदीसाठी परत पाठवावा, ही विनंती.

आपला नम्र,
गुरुत्वमापनातील एक जुना निरीक्षक